तीन मण्यांची दोरी

"येऊ दे, येऊ दे... अजून लई जागा हाय, येऊ दे!"

सासरे मागे, एका बाजूला उभे राहून हात हलवत होते आणि मी ट्रॅक्टरच्या सीटवर कमरेतून वळून ट्रॉली रिव्हर्स घेत होते. माझ्या अंदाजाने न्हाणीची भिंत अजून आठ-दहा हात लांब होती. सासऱ्यांचाही अंदाज तेवढाच असावा, कारण त्यांचं "येऊ दे" काही थांबलं नाही. पुढच्या क्षणी धडाम आवाज झाला, विटा ढासळल्या, पत्रा वाकला आणि धुळीचा लोट उठला. धूळ खाली बसली तेव्हा तिथे माझी सासू उभी होती. केस ओले, अंगाला लुगडं गुंडाळलेलं, हातात तांब्या. शेजारी बंब वाफा सोडत होता.

"वैजे," ती अगदी शांतपणे म्हणाली, "आजून दोन तांबं घ्यावं म्हणत हुते. घेतलं असतं, तर आज सगळ्या गल्लीनं माझी अंघोळ बगितली असती."

गल्ली कुंपणापाशी जमलेलीच होती. कुणी म्हणालं, बाईमाणसाला ट्रॅक्टरवर चढवलंच कुणी? कुणी म्हणालं, भिंत एवढी मोठी, ती दिसू नये? मी मान खाली घालून उतरले. हसू येत होतं आणि रडूही येत होतं, त्यामुळे दोन्ही गिळलं. सासरे मात्र कुणाकडे न बघता पुढे झाले. खाली वाकून विटा गोळा करायला लागले. दिवस मावळायच्या आत त्यांनी एकट्याने ती भिंत पुन्हा उभी केली, कुणाला हात लावू दिला नाही. मला वाटलं, माझ्यावर चिडलेत.

ही वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचं गाव विट्यापासून अर्ध्या तासावर. सासऱ्यांना सगळा भाग बापू मिस्त्री म्हणून ओळखतो. मी त्यांना मामा म्हणते आणि सासूला आत्ती. घराला लागूनच पत्र्याचं वर्कशॉप, तिथे ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनतात. मामांच्या हाताची ट्रॉली उसाने कितीही भरा, तिचा सांगाडा कधी वाकला नाही. लोखंडी अँगल आला की मामा तो नाकासमोर बंदुकीसारखा धरायचे, एक डोळा मिटायचे आणि केसाएवढा बाक असला तरी सांगायचे. सगळेच मिस्त्री तसं बघतात. मामा जरा जास्त वेळा बघायचे, एवढंच.

आमच्या चैत्रातल्या जत्रेत सगळ्यात जास्त गर्दी होते ती ट्रॉली रिव्हर्सच्या स्पर्धेला. फक्कीच्या रेषांमधून, नागमोडी वाटेने, चारचाकी ट्रॉली उलटी न्यायची. ज्यांनी हे केलं नसेल त्यांना सांगते, स्टेअरिंग उजवीकडे फिरवलं की ट्रॉली डावीकडे पळते आणि तिची पुढची चाकं आपल्याच मनाने तिसरीकडे. वाटेच्या शेवटी स्पर्धकाच्या घरचा एक माणूस झेंडा धरून उभा असायचा. ट्रॉलीचा फाळका, म्हणजे मागचं झाकण, त्या झेंड्याच्या जितका जवळ थांबेल तितकं चांगलं. झेंड्याला लागला तर बाद. झेंडेवाला पाऊलभर मागे सरकला तरी बाद, तोंडातून शब्द काढला तरी बाद. आता माणसाऐवजी पिंप ठेवतात, आणि तेच बरं आहे.

माझा नवरा संपत ही स्पर्धा दोनदा जिंकला होता. त्या वर्षी दिवाळीनंतर जॅक सटकला आणि त्याचं मनगट दोन ठिकाणी मोडलं. अकरा वर्षांत पहिल्यांदाच आमची ट्रॉली मैदानात उतरणार नव्हती. मी म्हणाले, "मी चालवते." माहेरी चौदाव्या वर्षापासून मी वडिलांचा ट्रॅक्टर चालवत होते. नांगरट, पेरणी, सगळं. संपत खूश झाला. मामांनी नुसती मान हलवली. आणि सरावाच्या तिसऱ्याच दिवशी न्हाणी पडली.

खरं सांगायचं तर ती स्पर्धा मला वर्कशॉपसाठी नव्हे, माझ्यासाठी हवी होती. त्या घरात माझी ओळख एकाच गोष्टीची होती, ती म्हणजे माझा उजवा डोळा. दमले, उन्हात गेले, विचारात पडले की तो हळूच बाहेरच्या बाजूला सरकायचा. माहेरच्या गावात मला सरळ चकणी म्हणायचे. मला बघायला ही मंडळी आली, तेव्हाही संपतची एक मावशी आत्तीच्या कानात कुजबुजली, आणि ती कुजबुज ओसरीपर्यंत ऐकू गेली. माझ्या हातात पोह्यांच्या बशा होत्या. वाटलं, आता हे उठणार. पण मामा मोठ्याने म्हणाले, "चकणी न्हाय, लक्ष्मीचा डोळा हाय त्यो. असल्या डोळ्याची सून घरात आली की घर वर येतं. आमच्याकडं जुनं मानत्यात हे."

लग्न ठरलं. माझ्या हातून नारळ वाढवून पहिली ट्रॉली गेली, त्या शेतकऱ्याचा ऊस त्या साली फार चांगला आला. झालं! तेव्हापासून ट्रॉली तयार झाली की गिऱ्हाईक अडून बसायचं, "सूनबाईची नजर पडू द्या आदी." मी भाकरी टाकून, पीठ लागल्या हाताने बाहेर यायचे, ट्रॉलीकडे बघायचे आणि नारळ फोडायचे. त्या डोळ्याने दिसतं कसं, हे मात्र कुणी विचारलं नाही. वाचायला बसले की ओळीवर ओळ चढायची. संध्याकाळी कपाळ ठणकायचं. चहा ओतताना निम्मा कपाबाहेर जायचा. मला वाटायचं, सगळ्यांचं असंच असतं आणि बाकीचे कुरकुर करत नाहीत.

न्हाणी पडली त्याच्या पुढच्या आठवड्यात संपतचं प्लास्टर दाखवायला आम्ही मिरजेला गेलो. तो आत गेला आणि मी दवाखान्याच्या आवारात बाकावर बसले. समोरून एक उंच, सावळ्या, चष्मेवाल्या बाई डबा घेऊन चालल्या होत्या. माझ्यासमोर थांबल्या.

"उन्हात एक डोळा का मिटतेस?"

"सवय आहे."

"ही सवय नव्हे. चल आत."

त्या रिबेका साळवे बाई. डोळ्यांच्या विभागात त्यांचं एकच काम होतं, दोन डोळे एकमेकांशी कसे वागतात ते बघायचं. जेवण बाजूला ठेवून त्यांनी मला अर्धा तास तपासलं. एक पुठ्ठा आलटून पालटून डोळ्यांसमोर धरला. पेन्सिल हळूहळू नाकाकडे आणली आणि दोन दिसायला लागली की सांग म्हणाल्या. वीतभर अंतरावरच एकीच्या दोन पेन्सिली झाल्या. मग एक काळा चष्मा घातला आणि समोर माशीचं मोठं चित्र ठेवलं.

"हिचे पंख चिमटीत धर."

मी कागदावर चिमटी टेकवली. दारातून वाकून बघणाऱ्या संपतला बाईंनी तोच चष्मा घालायला दिला. त्याने चित्राकडे बघितलं, "आयला!" म्हणून मागे सरकला आणि कागदाच्या चांगलं दोन बोटं वर, हवेत चिमटी धरली.

"अहो, तिथं काय आहे?" मी विचारलं.

"पंख! अगं, माशी बाहेर आलीया की!"

मी पुन्हा बघितलं. माशी कागदावरच होती. त्या क्षणी मला पहिल्यांदा कळलं की बाकीच्यांना काहीतरी दिसतं, ते मला दिसत नाही.

बाईंनी समजावून सांगितलं. "तुझे दोन्ही डोळे धडधाकट आहेत. एकेकट्याने छान बघतात. पण जोडीने चालत नाहीत. एक बैल औत ओढतो आणि दुसरा बांधावरचं गवत खातो, तसं. दोघं एका वेळी एकाच ठिकाणी बघायला लागले की समोरची वस्तू किती लांब आहे ते बरोबर कळतं. तुला भिंत दिसत नाही असं नाही. तिचं अंतर दिसत नाही."

"सुधारेल?"

"तुझा डोळा अधूनमधूनच सुटतो, म्हणून व्यायामाने सुधारेल असं मला वाटतं. पण रोज वीस मिनिटं, चार महिने, न चुकता."

त्यांनी ड्रॉवरमधून दीड-दोन हात लांब पांढरी दोरी काढली. तिच्यात लाकडी मणी ओवले होते, लाल, पिवळा आणि हिरवा. दोरीचं एक टोक खुंटीला बांधायचं, दुसरं नाकाच्या शेंड्याला टेकवायचं आणि एकेका मण्याकडे बघायचं. "दोन्ही डोळे काम करत असले की मणी एकच दिसतो आणि दोऱ्या दोन. त्या मण्यापाशी एकमेकींना छेदतात, फुली होते. एकच दोरी दिसली की समज, एक डोळा झोपलाय."

मी दोरी घेतली आणि तशीच उभी राहिले.

"आता काय?"

"बाई, डोळा सरळ झाला तर... घरी मला त्या डोळ्यासाठीच आणलंय."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "सरळ डोळ्याची सून ठेवत नाहीत का तुमच्याकडे?"

एसटीत संपत म्हणाला, "बापूंना इतक्यात नको सांगायला. आदी जरा गुण येऊ दे." आणि मी ती दोरी पिशवीत, वाटाण्याच्या शेंगांखाली लपवून घरी आणली.

महिनाभर मी चोरून व्यायाम केला. दुपारी मामा जेवून लवंडले की गोठ्यामागे उभ्या असलेल्या जुन्या ट्रॉलीच्या हुकाला दोरी बांधायची आणि दुसरं टोक नाकाला लावून मण्यांकडे बघत बसायचं. सुरुवातीला दोरी एकच दिसायची. कपाळ ठणकायचं, डोळ्यांतून पाणी यायचं. तिसऱ्या आठवड्यात हिरव्या मण्यापाशी दुसरी दोरी भुतासारखी यायला लागली. यायची, दोन क्षण थांबायची आणि जायची. ती आली की मी लहान मुलीसारखी हसायचे. म्हशीशिवाय बघायला कुणी नाही, असं मला वाटत होतं.

आत्ती बघत होती. एक दिवस मी दोरी हुकालाच विसरले. संध्याकाळी ओरडा ऐकून वर्कशॉपमध्ये धावले, तर आत्ती सांडशीत ती दोरी धरून, हात लांब करून उभी.

"बगा वो, बगा! तीन रंगाचं मणी! आन ही पोरगी चार दिस झालं ते नाकाला लावून डोळं फिरवतीया. कुणीतरी करणी केलीया हिच्यावर! आत्ताच्या आत्ता जाळा हे."

मामांनी वेल्डिंगचा होल्डर खाली ठेवला. "कुणाचं हाय?"

"माझं आहे," मी म्हणाले. आता लपवण्यात अर्थ नव्हता. एका दमात सगळं सांगितलं. मिरज, रिबेका बाई, माशी, बैल. शेवटी म्हणाले, "मला डोळा सरळ करायचाय मामा. मला अंतर बघायचंय. तुम्हाला चालणार नसेल तर आत्ताच सांगा."

आत्तीने सांडशी खाली टाकली. "म्हंजे करणी न्हाय?"

"नाही आत्ती."

"मग ईस मिनटं म्हशीच्या शेणात उभी राहून कशापाय करतीस? घरात कर की. मी हितं देवऋषी शोधायला निगाले हुते!" आणि ती तोंडातल्या तोंडात बोलत धार काढायला निघून गेली.

मामा दोरी हातात घेऊन निरखत होते. "कसं करत्यात हे?"

मी एक टोक टेबलावरच्या व्हाइसला, लोखंड पकडायच्या शिकंजाला, बांधलं आणि दुसरं त्यांच्या नाकाला लावलं. "मधल्या पिवळ्या मण्याकडे बघा. दोऱ्या किती दिसतात?"

"एकच."

"दोन दिसतील मामा. मण्यापाशी फुली होते. नीट बघा."

"अगं, एकच हाय."

"लाल मण्याकडे बघा बरं."

"एकच गं पोरी. दोन कुठनं आणू?"

मला बाईंचे शब्द आठवले. एकच दोरी दिसली की समज. मी माझा तळहात मामांच्या उजव्या डोळ्यावर ठेवला.

"आता?"

"आता कायबी न्हाय," ते म्हणाले. "अंधार."

मी हात काढला. वर्कशॉपमध्ये फक्त बाहेरच्या धारेचा आवाज येत होता. मामा स्टुलावर बसले आणि हळू आवाजात बोलले. विशीत होते, उस्तादाकडे कामाला होते. छिन्नीची कपची उडाली आणि डाव्या डोळ्यात गेली. डोळा वरून धड राहिला, पण आतून गेला. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. "एका डोळ्याच्या मिस्तरीकडं कोन काम देतंय? मग एक डोळा मिटून अँगल बगायची सवयच लावून घेतली. लोक म्हनायचं, काय बारीक नजर हाय!"

माझ्या डोळ्यांसमोरून एकेक गोष्ट जायला लागली. बोल्ट घ्यायच्या आधी मामा बोटाने चाचपायचे. खिळ्यावर हातोडी मारायच्या आधी ती अलगद टेकवून बघायचे. आणि मग मला आठवली ती न्हाणी.

"मामा! म्हणजे त्या दिवशी तुम्ही येऊ दे, येऊ दे म्हणत होता..."

"मला काय ठावं भिंत किती लांब हाय!" मामा म्हणाले. "मला वाटलं, तुला दिसतंय."

"मला वाटलं, तुम्हाला दिसतंय!"

आधी त्यांना हसू फुटलं, मग मला. मामा स्टुलावरून पडायच्या बेताला आले. मी व्हाइसला धरून हसत होते. हसता हसता मामा एकदम थांबले आणि त्यांनी खांद्यावरच्या पंच्याने डोळे पुसले.

"तुला बगायला आलो तवा तू पोहं घिऊन आलीस," ते म्हणाले. "मावशी कुजबुजली आन तू मान खाली घातलीस. मला वाटलं, ही आपल्यासारखीच हाय, एका डोळ्यावर निभावनारी. मग तोंडाला आलं ते बोललो. लक्ष्मीचा डोळा बिळा काय नसतंय गं. आमच्याकडं कुनीबी मानत नव्हतं. मीच काढलं त्ये."

तीन वर्षं मी ज्या डोळ्याच्या आधाराने त्या घरात उभी होते, तो आधार त्यांनी एका दमात माझ्यासाठी बनवला होता, एखादी ट्रॉली बनवावी तसा. इतकं मोकळं मला माहेर सुटल्यापासून कधी वाटलं नव्हतं.

"मग नीट करू?"

"कर की! माझ्या येळंला इलाज नव्हता. तुझा हाय."

दुसऱ्या दिवसापासून दोरीचं दुसरं टोक मामा धरायला लागले. संध्याकाळी वर्कशॉप बंद झालं की ते स्टुलावर बसायचे आणि मी समोर. "लाल. पिवळा. हिरवा. परत लाल. फुली हाय का सुटली? सुटली, मला दिसतंय, डोळा गवताला गेलाय बग!" जरा कंटाळा केला की, "उद्या बाईला चिट्टी लिवतो." मिरजेच्या चकरा महिन्यातून एकदा. पेन्सिल आता नाकाच्या जवळ आली तरी एकच राहायला लागली. दिवसभर डोळा जागेवर असायचा, संध्याकाळी दमल्यावर मात्र अजून जरासा सुटायचा. कुणी गिऱ्हाईक कुरकुरलं, की सूनबाईची नजर पहिल्यासारखी राहिली नाही, तर मामा गंभीर चेहऱ्याने सांगायचे, "लक्ष्मी पायजे आसंल तर दिवेलागणीला या."

फाल्गुनात आत्तीने कुरडया घातल्या. गच्चीवर बाजेवर पांढरं धोतर अंथरून त्यावर ओळीने कुरडया. कावळे हाकायला मी बसले होते. सहज एका कुरडईकडे बघितलं आणि थबकले. ती फुगून वर आली होती. एक तार दुसरीच्या वरून गेली होती, तिच्याखालून तिसरी, आणि मधल्या भोकातून खाली धोतर दिसत होतं, खाली, लांब. जन्मभर मी कुरडई बघितली होती, पण ती वेटोळ्यांचं चित्र काढल्यासारखी. तिच्यात जागा असते, हे मला ठाऊक नव्हतं. मी दुसरी बघितली, तिसरी बघितली. सगळ्याच तशा होत्या! मग हात समोर धरला, तर बोटं हवेत, बाज त्यांच्या मागे, कठडा त्याच्याही मागे, आणि पलीकडे पाण्याची टाकी.

"आत्ती! आत्ती, वर या!"

आत्ती धापा टाकत आली. "कावळ्यानं नेल्या व्हय?"

"कुरडईत खोली असते, आत्ती!"

तिने माझ्याकडे बघितलं, कुरडईकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे बघितलं. मी तिच्या गळ्यात पडून रडत होते आणि हसतही होते. "बरं, बरं," ती माझी पाठ थोपटत म्हणाली. "पर अजून वल्ल्या हायत्या, तेवढ्या मोडू नगंस."

जत्रा आली. मैदानात सात ट्रॅक्टर. दोन झेंड्याला लागून बाद झाले, तिघांचे झेंडेवाले घाबरून मागे सरकले म्हणून बाद. एकाने झेंड्याच्या अलीकडे एक वीत अंतर ठेवून ट्रॉली थांबवली आणि टाळ्या घेतल्या. शेवटचा नंबर माझा. लाऊडस्पीकरवर नाव पुकारलं, "वैजयंता संपत लोहार", आणि मैदानात हशा पिकला. कुणीतरी ओरडलं, "न्हाण्या सांभाळा रे!"

आमचा झेंडा संपत धरणार होता. मी सीटवर चढले, मागे बघितलं, तर झेंडा मामांच्या हातात. मी खाली उडी मारून पळत गेले.

"मामा, तुम्ही नको. तुम्हाला..." पुढचं बोलता येईना, लोक ऐकत होते.

"संपत मागं सरकंल," मामा म्हणाले. "त्याला अंतर दिसतंय. जा, चढ."

मी आत्तीकडे बघितलं. म्हटलं, ती तरी अडवेल. ती मैदानाच्या कडेला बांधलेल्या दोरीपाशी उभी होती, पदर दातात धरून. ती माझ्याजवळ आली आणि कानात म्हणाली, "जा तू. मला लग्नाच्या चौथ्या दिवशीच कळलंय त्यांचं. चहा बशीच्या भाईर ओतत हुतं." मला आठवलं, मामांचा चहा ती नेहमी स्वतः बशीत ओतून त्यांच्या हातात देते. तीस वर्षं तिने त्यांचं गुपित त्यांच्यापासूनही लपवलं होतं.

शिट्टी वाजली. पहिलं वळण, दुसरं वळण. फक्कीच्या रेषा चाकांपासून कुठे आहेत ते मला स्वच्छ दिसत होतं, कुरडईच्या तारांसारखं, ही अलीकडे, ती पलीकडे. तिसऱ्या वळणानंतर वाट सरळ झाली. शेवटी मामा. छातीशी झेंडा, पाय रोवलेले. फाळका आणि मामा यांच्यामध्ये जागा होती आणि ती कमी होत होती. दहा हात. सहा हात. चार. मी क्लच अर्धा दाबून ट्रॉली मुंगीच्या चालीने सोडत होते. दोन हात. एक हात. एक वीत. कुणीतरी "ए, ए!" करून ओरडलं. अजून जागा होती. मला दिसत होती. मी अजून सोडली, आणि मग ब्रेकवर उभी राहिले.

आणि तेव्हा मला मामांचा चेहरा दिसला. त्यांनी दोन्ही डोळे मिटले होते. धड असलेलाही.

पंच वाकला. टेप लावायलाही जागा नव्हती, त्याने बोटं घातली. "चार बोटं!" तो ओरडला आणि मैदानाने माझ्या नावाचा एकच गलका केला. ज्यांनी न्हाणीवरून टिंगल केली होती, त्यांनीच संपतला खांद्यावर घेतलं, कारण मला घ्यायची त्यांची छाती झाली नाही. मी उतरून धावत मामांपाशी गेले. ते अजून तसेच उभे होते.

"मामा, डोळे का मिटले होते?" मी हळूच विचारलं.

"उगडं ठिवून तरी मला काय कळनार हुतं?" ते म्हणाले. "तुला दिसतंय, एवढं मला ठावं हुतं."

मग त्यांनी डोळे उघडले, झेंडा माझ्या हातात दिला आणि नेहमीच्या सवयीने फाळका आणि आपली छाती यांच्यामधली जागा बोटांनी चाचपून बघितली. पुन्हा एकदा चाचपली. त्यांचा चेहरा खुलत गेला. वळून त्यांनी सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात, हात हलवत आरोळी ठोकली,

"येऊ दे, येऊ दे... अजून लई जागा हाय!"